मायकोबायोम म्हणजे काय? धानाच्या बांधीपासून आपल्या त्वचेपर्यंत पसरलेलं बुरशीचं जग

जुलै महिन्यात सिहोरा परिसरात धानाची रोवणी सुरू असते. भंडारा जिल्ह्यातल्या तुमसर तालुक्याचा हा भाग बावनथडी नदी आणि चांदपूर जलाशयाच्या आसपासचा, मध्य प्रदेशच्या सीमेला लागून असलेला. रोवणीला गेलेल्या बायामाणसांचे पाय दिवसभर चिखलात असतात आणि आठवडाभरात बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात. त्याच दिवसांत जंगलातल्या वारुळांवर सात्या उगवतात आणि लोक टोपल्या घेऊन त्या गोळा करायला निघतात. घरात मसाल्याच्या डब्यात दगडफूल असतं. पुढे धान पोटरीत आला की पानांवर करपा दिसतो का, याची धास्ती असते.

चिखल्या, सात्या, दगडफूल आणि करपा या चारही गोष्टींमागे बुरशी आहे. काही ठिकाणी ती त्रास देते, तर काही ठिकाणी पोट भरते. एखाद्या जागेत, म्हणजे शरीरात, झाडात किंवा मातीत, राहणाऱ्या सगळ्या बुरशींच्या समूहाला शास्त्रज्ञ ‘मायकोबायोम’ म्हणतात. हा समूह कसा काम करतो, तो बिघडला की काय होतं आणि शेतात मारलेल्या औषधाचा दवाखान्यातल्या उपचाराशी काय संबंध आहे, हे समजून घेऊ.

बुरशी म्हणजे नेमकं काय?

शाळेत बऱ्याच जणांनी बुरशीचा धडा वनस्पतींसोबतच वाचलेला असतो. पण बुरशी वनस्पती नाही. तिच्यात हरितद्रव्य नसतं, त्यामुळे तिला उन्हापासून अन्न तयार करता येत नाही. ती आपले पाचक रस बाहेर सोडते, आजूबाजूचा पदार्थ बाहेरच पचवते आणि मग शोषून घेते. तिच्या पेशींच्या भिंतीत कायटिन असतं. खेकड्याच्या आणि कीटकांच्या कवचात असतं तेच हे द्रव्य.

उत्क्रांतीच्या वंशवृक्षावर बुरशी वनस्पतींपेक्षा प्राण्यांच्या जास्त जवळ आहे. ही माहिती फक्त परीक्षेपुरती नाही. बुरशीच्या आणि आपल्या पेशींमध्ये बरंच साम्य असल्यामुळे, बुरशीला मारेल पण माणसाला इजा करणार नाही असं औषध शोधणं अवघड जातं. म्हणूनच जिवाणूंवर प्रतिजैविकांचे कितीतरी प्रकार असताना बुरशीच्या गंभीर संसर्गावर औषधांचे मोजकेच गट उपलब्ध आहेत.

आजवर शास्त्रज्ञांनी बुरशीच्या सुमारे दीड लाख प्रजातींना नावं दिली आहेत. प्रत्यक्षात त्या २० ते ४० लाखांच्या दरम्यान असाव्यात असा अंदाज आहे. म्हणजे बहुतेक बुरशींची आपल्याला अजून ओळखच नाही.

मायकोबायोमकडे इतकी वर्षं दुर्लक्ष का झालं?

पूर्वी बुरशी ओळखायची म्हणजे ती प्रयोगशाळेतल्या बशीत वाढवावी लागायची. बऱ्याच बुरशी अशा वाढतच नाहीत, त्यामुळे त्या मोजल्याच जात नव्हत्या. नंतर डीएनए वाचण्याचं तंत्र स्वस्त झालं. बुरशीच्या डीएनएमधला ‘आयटीएस’ नावाचा भाग प्रजातीनुसार बदलतो. २०१२ मध्ये तो बुरशी ओळखण्याचा अधिकृत ‘बारकोड’ म्हणून सुचवण्यात आला. आता चिमूटभर माती, पानाचा तुकडा किंवा त्वचेवरून फिरवलेला कापूस तपासला तरी त्यात कोणकोणत्या बुरशी आहेत, याची यादी मिळते.

दुसरं कारण संख्येचं. आपल्या आतड्यातल्या सूक्ष्मजीवांच्या एकूण डीएनएमध्ये बुरशीचा वाटा ०.१ टक्क्याहूनही कमी भरतो. त्यामुळे २००७ मध्ये अमेरिकेत माणसाच्या शरीरातल्या सूक्ष्मजीवांचा मोठा प्रकल्प सुरू झाला, तेव्हा सगळा भर जिवाणूंवर होता. पण बुरशीची पेशी जिवाणूपेक्षा कितीतरी मोठी असते आणि तिचा आपल्या रोगप्रतिकारशक्तीवर होणारा परिणाम तिच्या संख्येच्या मानाने बराच जास्त आहे, हे पुढे लक्षात आलं.

माणसाच्या शरीरात बुरशी कुठे असते?

तोंडात: २०१० मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी २० निरोगी लोकांच्या तोंडातली बुरशी तपासली. त्यात १०० च्या आसपास प्रजाती सापडल्या. कॅन्डिडा ही बुरशी त्यांच्यापैकी ७५ टक्के लोकांच्या तोंडात होती आणि तरीही कोणालाच आजार नव्हता.

त्वचेवर: २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात डोकं, चेहरा, पाठ अशा बहुतेक भागांवर मॅलासेझिया ही एकच बुरशी प्रामुख्याने आढळली. ती त्वचेच्या तेलावर जगते. कोंड्याशी तिचाच संबंध आहे. पायांवर मात्र वेगळंच चित्र होतं. टाचेवर सुमारे ८०, पायाच्या नखांत ६० आणि बोटांच्या बेचक्यांत ४० प्रकारच्या बुरशी सापडल्या. ओल आणि घर्षण मिळालं की यातल्याच काहींना वाढायला वाव मिळतो. रोवणीच्या दिवसांत चिखल्या का होतात, याचं बरंचसं उत्तर इथे आहे. सतत भिजून त्वचा मऊ पडते, फाटते आणि मग बुरशी आणि जिवाणू दोघेही आत शिरतात.

आतड्यात: इथे कॅन्डिडा आणि सॅकरोमायसिस यांसारख्या यीस्ट असतात. काही आपल्या जेवणातूनच येतात. ‘सॅकरोमायसिस बुलार्डी’ ही यीस्ट तर औषध म्हणून दिली जाते. १९२० च्या दशकात हेन्री बुलार्ड या फ्रेंच संशोधकाने तिला इंडोचायनात लिची आणि मँगोस्टीनच्या फळांपासून वेगळं केलं. प्रतिजैविकांमुळे लागणाऱ्या जुलाबांवर डॉक्टर आजही ती देतात.

मग त्याच बुरशीमुळे आजार कसा होतो?

बहुतेक बुरशींना ३७ अंश सेल्सिअस तापमानात वाढता येत नाही. आपलं उबदार शरीर हेच त्यांच्याविरुद्धचं पहिलं कुंपण आहे. दुसरं कुंपण रोगप्रतिकारशक्तीचं आणि तिसरं आपल्या अंगावरच्या जिवाणूंचं. ते जागा आणि अन्न अडवून ठेवतात, म्हणून बुरशी आवाक्यात राहते. यातलं एखादं कुंपण पडलं की एरवी गुपचूप राहणारी बुरशी आजार करते.

प्रतिजैविकांचा मोठा कोर्स झाल्यावर काहींच्या तोंडात पांढरा थर येतो किंवा स्त्रियांना कॅन्डिडाचा संसर्ग होतो. औषधाने जिवाणू मेलेले असतात आणि बुरशीला रान मोकळं मिळालेलं असतं.

याचं सर्वांत भयंकर रूप महाराष्ट्राने २०२१ मध्ये पाहिलं. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत म्युकरमायकोसिस पसरला. जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने संसदेत दिलेल्या माहितीनुसार देशात या आजाराचे ४५ हजारांहून अधिक रुग्ण होते. सर्वाधिक म्हणजे ९ हजारांहून अधिक रुग्ण एकट्या महाराष्ट्रात होते. अनेकांचा डोळा किंवा वरचा जबडा काढावा लागला.

लोक त्याला ‘काळी बुरशी’ म्हणू लागले. प्रत्यक्षात ही बुरशी काळी नसते. ती रक्तवाहिन्यांत घुसून रक्तपुरवठा तोडते आणि मेलेला भाग काळा पडतो. भारतात या आजाराला मुख्यतः कारणीभूत ठरणारी ‘रायझोपस’ जातीची बुरशी माती, शेण, सडका पालापाचोळा आणि शिळ्या पावावर नेहमीच असते. तिचे बीजाणू आपण रोज श्वासातून घेतो. त्या वर्षी बदललं ते माणसाचं शरीर. अनियंत्रित मधुमेह, कोरोनाचा संसर्ग आणि स्टेरॉइडचा बेसुमार वापर या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या.

मळणीच्या दिवसांत डोळ्याला धोका का असतो?

धान पिकवणाऱ्या भागात एक बुरशीजन्य आजार दरवर्षी डोळे घेतो, पण त्याची बातमी होत नाही. कापणी किंवा मळणी करताना धानाचं पातं, कुसळ किंवा भुसा डोळ्यात जातो. बुबुळावर बारीकसा ओरखडा उठतो. त्या पात्यावरची फ्युझॅरियम किंवा अ‍ॅस्परजिलस बुरशी ओरखड्यातून आत शिरते आणि बुबुळावर जखम होते. डोळा लाल होतो, दुखतो, पाणी येतं आणि पांढरट ठिपका दिसू लागतो. वेळेत उपचार झाले नाहीत तर कायमचं फूल पडतं किंवा डोळाच जातो. जगभरात दरवर्षी १० लाखांहून अधिक लोकांना हा आजार होत असावा, असा २०२१ मधला एक अंदाज सांगतो. त्यातले बहुसंख्य आशिया आणि आफ्रिकेतले आहेत.

इथे सगळ्यात घातक चूक म्हणजे दुकानातून आणलेले स्टेरॉइडचे थेंब. त्यांनी लाली कमी होते, बरं वाटतं, पण आत बुरशी जोमाने वाढते. नेत्रतज्ज्ञ बुबुळावरचा अगदी बारीक नमुना सूक्ष्मदर्शकाखाली पाहून बुरशी आहे का ते ठरवतात. असल्यास नॅटामायसिन हे औषध दिलं जातं.

धानाच्या बांधीत कोणकोणत्या बुरशी असतात?

झाडालाही मायकोबायोम असतो. मुळांभोवती, पानांवर आणि खोडाच्या आतही बुरशी राहतात. त्यातल्या बहुतेक निरुपद्रवी असतात, काही उपयोगी आणि थोड्या शत्रू.

शत्रूंमध्ये पहिला क्रमांक करप्याचा. ‘मॅग्नापोर्थे ओरायझी’ ही बुरशी पानावर डोळ्याच्या आकाराचे ठिपके पाडते आणि लोंबीच्या मानेवर आली तर दाणाच भरत नाही. तिची आत शिरण्याची पद्धत विलक्षण आहे. पानावर पडलेला बीजाणू एक फुगीर पेशी तयार करतो आणि तिच्या आतला दाब वाढवत नेतो. हा दाब मोटारीच्या टायरमधल्या हवेच्या सुमारे ४० पट असू शकतो. त्या जोरावर ती पानाचं साल भेदते. ढगाळ हवा, रात्रीचं दव आणि युरियाचा जास्त मारा या तिन्ही गोष्टी तिला पोषक ठरतात. पान हिरवंगार दिसावं म्हणून टाकलेला जादा युरिया अंगलट येतो तो असा.

दुसरा शत्रू पर्णकोष करपा. त्याची ‘रायझोक्टोनिया’ बुरशी कडक गाठींच्या रूपात मातीत टिकून राहते आणि पुढच्या हंगामात पुन्हा उठते.

मित्रांमध्ये ट्रायकोडर्मा सगळ्यात ओळखीची. कृषी केंद्रात पुडीत मिळणारी ही हिरवी बुरशी मातीत इतर बुरशींवर जगते. ती त्यांच्या तंतूंना विळखा घालून त्यांच्या पेशींच्या भिंती विरघळवते. म्हणून पेरणीआधी बियाण्याला ती चोळतात. पण एक गोष्ट अनेकदा विसरली जाते. कार्बेन्डाझिमसारखं बुरशीनाशक ट्रायकोडर्मालाही मारतं. दोन्ही एकाच वेळी लावलं तर जिवंत बुरशीवर खर्च केलेले पैसे वाया जातात.

दुसरी मित्र म्हणजे मायकोरायझा. ही बुरशी मुळाच्या पेशींत शिरते आणि मुळं पोहोचत नाहीत तिथपर्यंत आपले तंतू पसरवते. ती झाडाला स्फुरद आणून देते आणि बदल्यात साखर आणि स्निग्ध पदार्थ घेते. जमिनीवरच्या ७० ते ८० टक्के वनस्पतींची तिच्याशी अशी भागीदारी असते आणि ही भागीदारी ४० कोटी वर्षांहून जुनी आहे.

धानाच्या बांधीत मात्र पाणी साचून राहतं. तिथे प्राणवायू कमी, त्यामुळे मायकोरायझाही कमी. पाणी ओसरल्यावर चित्र बदलतं. भंडारा-गोंदियात धान उभा असतानाच लाखोळी, जवस पेरण्याची उतेऱ्याची पद्धत आहे. ही दोन्ही पिकं मायकोरायझाशी जोडली जातात आणि मातीत ती टिकवून ठेवतात. मोहरीवर्गीय पिकं सहसा अशी भागीदारी करत नाहीत. कोणतं पीक कशाच्या मागे घ्यायचं, याचा परिणाम मातीतल्या बुरशीवरही होतो.

सात्या घरी का पिकवता येत नाहीत?

वारुळावर उगवणाऱ्या सात्या ही ‘टर्मिटोमायसिस’ जातीची अळंबी. वारुळाच्या आत वाळवी अक्षरशः शेती करते. ती लाकूड, पालापाचोळा चावून आणते, त्याचा जाळीदार थर रचते आणि त्यावर ही बुरशी वाढवते. लाकडातला कठीण भाग बुरशी मऊ करते आणि मग वाळवी तो खाते. ही भागीदारी सुमारे तीन कोटी वर्षं जुनी आहे. चांगला पाऊस झाला की बुरशी छत्र्यांच्या रूपात जमिनीवर येते. वाळवीशिवाय तिला पिकवणं अजून व्यावसायिक पातळीवर जमलेलं नाही, म्हणूनच ती फक्त पावसाळ्यात आणि महाग मिळते. वारूळ फोडलं तर पुढच्या वर्षीच्या सात्याही गेल्या.

धिंगरी अळंबीचं तसं नाही. ती धानाच्या तणसावर घरच्या खोलीतही वाढते, कारण तिला कुणाची भागीदारी लागत नाही.

दगडफूल हे तर दोन जिवांचं एकत्र कुटुंब आहे. बुरशी घर आणि ओलावा देते, शैवाल उन्हापासून अन्न बनवतं. काळ्या मसाल्याचा वास त्या दोघांच्या संसारातून येतो.

साठवलेल्या धान्यातली बुरशी किती धोकादायक?

धान्यात ओल राहिली की ‘अ‍ॅस्परजिलस फ्लेव्हस’ बुरशी वाढू शकते. ती अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार करते. ते यकृताला इजा करतं आणि दीर्घकाळ पोटात गेल्यास यकृताच्या कर्करोगाचा धोका वाढवतं. १९७४ मध्ये राजस्थानातल्या बांसवाडा आणि गुजरातमधल्या पंचमहाल भागात पावसात भिजलेला मका खाऊन सुमारे ४०० लोक आजारी पडले. त्यातले १०० हून अधिक दगावले.

साध्या स्वयंपाकाच्या उष्णतेने हे विष पूर्ण नष्ट होत नाही. बुरशी झटकून किंवा धुऊनही ते जात नाही. मका आणि भुईमुगात धोका जास्त, तांदळात तुलनेने कमी, पण भिजलेल्या धानात तो असतोच. सरकारी खरेदीत धानाच्या ओलाव्याची मर्यादा १७ टक्के आहे. जास्त काळ साठवायचं असेल तर तो १४ टक्क्यांच्या आत हवा. अवकाळी पावसात उघड्यावर भिजलेल्या पोत्यांचा प्रश्न केवळ भावाचा नाही, तो यासाठी.

शेतातल्या औषधाचा दवाखान्याशी काय संबंध?

इथे माणूस, पीक आणि माती यांचे तीन मायकोबायोम एकमेकांना भेटतात. पर्णकोष करप्यावर फवारली जाणारी हेक्झाकोनॅझोल, प्रोपिकोनॅझोल यांसारखी बुरशीनाशकं ‘अ‍ॅझोल’ गटातली आहेत. माणसाच्या फुप्फुसातल्या अ‍ॅस्परजिलसच्या संसर्गावर दिली जाणारी व्होरिकोनॅझोलसारखी औषधंही त्याच गटातली. पालापाचोळ्यात, खताच्या ढिगात राहणाऱ्या अ‍ॅस्परजिलसला शेतातच अ‍ॅझोलची सवय झाली, तर तिचे बीजाणू फुप्फुसात गेल्यावर दवाखान्यातलं औषध चालत नाही. नेदरलँड्समध्ये असे रुग्ण आधी दिसले. भारतातही २०१२ मध्ये अशा प्रतिरोधक बुरशीची नोंद झाली.

नायट्याचंही तसंच झालं. गेल्या दहाएक वर्षांत नायटा बरा होत नाही, पुन्हा पुन्हा येतो, अशी तक्रार भारतभर वाढली. त्यामागच्या बुरशीला २०२० मध्ये ‘ट्रायकोफायटॉन इंडोटिनी’ असं नाव मिळालं. नावात ‘इंडो’ आहे ते भारतामुळे. टर्बिनाफिन या नेहमीच्या औषधाला ती बऱ्याचदा दाद देत नाही. चिठ्ठीशिवाय मिळणाऱ्या, स्टेरॉइड मिसळलेल्या मलमांचा वापर हे तिच्या प्रसाराचं एक मोठं कारण तज्ज्ञ सांगतात.

ऑक्टोबर २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने धोकादायक बुरशींची पहिली यादी जाहीर केली. त्यात १९ बुरशी आहेत. अ‍ॅस्परजिलस आणि कॅन्डिडा सर्वांत गंभीर गटात आहेत.

महाराष्ट्रात यावर काय काम झालं आहे?

पुण्यातल्या आघारकर संशोधन संस्थेत बुरशींचा राष्ट्रीय संग्रह आहे. देशभरातल्या बुरशी तिथे जिवंत स्वरूपात जतन केल्या जातात. वाळवलेल्या नमुन्यांच्या संग्रहाला शं. ल. आजरेकर या महाराष्ट्रातल्या आद्य बुरशीशास्त्रज्ञांचं नाव आहे. ही संस्था १९४६ मध्ये महाराष्ट्र विज्ञान वर्धिनी म्हणून सुरू झाली होती.

पिंपरीच्या हिंदुस्तान अँटिबायोटिक्स या सरकारी कंपनीत मा. ज. तिरुमलाचार यांच्या गटाने १९६० च्या दशकात बुरशीविरोधी दोन औषधं शोधली. माणसांसाठी हॅमायसिन आणि पिकांसाठी ऑरिओफंजिन. हॅमायसिन ज्या मातीतल्या सूक्ष्मजीवापासून मिळालं, त्याला ‘स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना’ असं पिंपरीचंच नाव दिलं गेलं.

आपण काय काळजी घ्यावी?

- रोवणीहून आल्यावर पाय धुऊन बोटांच्या बेचक्या कोरड्या पुसा. चिखल्या वाढल्या, पू झाला किंवा मधुमेह असेल तर डॉक्टरांना दाखवा.
- कापणी-मळणी करताना साधा चष्मा लावा. डोळ्यात कुसळ गेल्यावर दुखणं एका दिवसात थांबलं नाही तर नेत्रतज्ज्ञांकडे जा. मध, दूध किंवा दुकानातले थेंब टाकू नका.
- नायट्यावर दुसऱ्याचं मलम वापरू नका. खाज थांबली म्हणून औषध मध्येच सोडू नका.
- धानाचं बियाणं ३ टक्के मिठाच्या पाण्यात, म्हणजे १० लिटर पाण्यात ३०० ग्रॅम मीठ टाकून, बुडवा. वर तरंगणारं पोचट, रोगट बी काढून टाका. उरलेलं साध्या पाण्याने धुऊन सावलीत वाळवा.
- शिफारस नसताना, शेजाऱ्याने मारलं म्हणून बुरशीनाशक फवारू नका.
- बुरशी लागलेले शेंगदाणे, मका किंवा कडधान्य खाऊ नका आणि जनावरांनाही घालू नका. गाईच्या पोटात गेलेलं अफ्लाटॉक्सिन दुधात उतरतं.
- ओळख पटल्याशिवाय जंगलातली अळंबी खाऊ नका. चांदीचं नाणं काळं पडतं का, किडे लागलेत का, अशा घरगुती कसोट्यांनी विषारी अळंबी ओळखता येत नाही. गावातल्या जाणत्या माणसाने दाखवलेलीच घ्या.

बुरशीला घरातून, शेतातून किंवा अंगावरून पूर्ण हाकलता येत नाही आणि तशी गरजही नाही. ती नसेल तर तणस कुजणार नाही, मातीत स्फुरद फिरणार नाही आणि सात्याही उगवणार नाहीत. प्रश्न एवढाच असतो की कोणती बुरशी, कुठे आणि किती. त्याचं उत्तर माहीत असलं तर हातातलं औषध कधी वापरायचं आणि कधी नाही, हे ठरवणं सोपं जातं.